बारा सक बहात्तर : एका नव्या बोर्डाची ओळख



पावसाळ्यात आमच्याकडे दोन माणसं भेटली की "बरं हाय का?" च्या आधी एक प्रश्न येतो, "आयर्विनला किती झालं?" सांगलीबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. सांगलीत कृष्णेवर १९२९ सालचा आयर्विन पूल आहे. तिथे नदीची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. हे दोन आकडे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आता सातवीत असलेली माझी मुलं जेमतेम दुसरीत होती. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. कुणाची म्हैस गेली, कुणाच्या घराची भिंत गेली. "पाणी किती" हा त्यांच्यासाठी भूगोलाचा प्रश्न नाही.

माझी शाळा वाळवा तालुक्यात, नदीकाठाला. माहेर कऱ्हाड. म्हणजे कोयना धरणातून सुटलेलं पाणी आधी माझ्या माहेरी प्रीतिसंगमावर कृष्णेला भेटतं, मग माझ्या शाळेवरून पुढे सांगलीला जातं. त्यामुळे तालुका विज्ञान प्रदर्शनासाठी काय करायचं असं विचारल्यावर मुलांनी एका सुरात "पाण्याची पातळी सांगणारं यंत्र" म्हटलं, याचं मला नवल वाटलं नाही.

त्या यंत्राच्या निमित्ताने मला एक गोष्ट शिकायला मिळाली. संगणकवाले तिला "नव्या बोर्डाला सपोर्ट देणं" म्हणतात. मी डी. एड. झालेली प्राथमिक शिक्षिका, या विषयातली तज्ज्ञ नव्हे. पण समजलं ते इतकं आपल्या वर्गाजवळचं निघालं, की इथे लिहावंसं वाटलं.

यंत्र कसं होतं?

एक उंच प्लॅस्टिकचा पिंप. पिंपाच्या तळापासून बरोबर ६५ सेंटीमीटर उंचीवर, पाण्याकडे तोंड करून, एक आवाजाचा सेन्सर बसवला. आपल्याला ऐकू न येणारा आवाज तो खाली सोडतो. आवाज पाण्यावर आपटून परत येतो. जायला-यायला लागलेला वेळ मोजायचा, हवेतल्या आवाजाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरने, गुणायचा आणि निम्मा करायचा. झालं अंतर. ६५ मधून अंतर वजा केलं की पाण्याची उंची. आम्ही एक सेंटीमीटर म्हणजे आयर्विनचा एक फूट असं धरलं. ४० ला पिवळा दिवा, ४५ ला लाल.

हे सगळं सांभाळायला एक छोटं बोर्ड लागतं. जवळच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून आम्हाला "आर्डुइनो उनो" नावाचं बोर्ड महिनाभरासाठी मिळालं. मुलांनी प्रोग्राम लिहिला, दिवे लागले, टाळ्या पडल्या. महिना संपल्यावर बोर्ड परत गेलं, कारण त्यांच्या मुलांनाही ते हवं होतं.

मग एका पालकांच्या ओळखीने दुसरं बोर्ड मिळालं. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक गृहस्थ द्राक्षबागेतला ओलावा मोजायची यंत्रं स्वतः तयार करतात. त्यांच्याकडे आधीच्या खेपेतलं एक बोर्ड पडून होतं. "घ्या मॅडम, पोरांना खेळायला," म्हणून त्यांनी दिलं. सोबत हाताने काढलेला जोडणीचा कागद.

मुलांनी जुना प्रोग्राम त्यात भरायचा प्रयत्न केला. बोर्डाने तो घेतलाच नाही. एक मुलगा हिरमुसून म्हणाला, "मॅडम, आपला प्रोग्रामच चुकलाय का?"

"नाही रे. प्रोग्राम बरोबर आहे. या बोर्डाची ओळख अजून कुणी कुठे लिहून ठेवलेली नाही, एवढंच."

बोर्ड बोर्डात फरक

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये बसवलेला छोटा संगणक. त्याला खूप पाय असतात. कुठल्या पायाला दिवा जोडायचा, कुठल्या पायाला सेन्सर, हे बोर्ड तयार करणारा ठरवतो. उनोवरचा दिवा १३ नंबरच्या पायावर असतो. रास्पबेरी पाय पिको नावाच्या बोर्डावर तो २५ नंबरवर आहे. त्याच पिकोचं वायफाय असलेलं भावंड म्हणजे पिको डब्ल्यू. दिसायला जवळजवळ तसंच, नावही तेच, पण त्याचा दिवा मुख्य चिपला जोडलेलाच नाही, वायफायच्या चिपला जोडलेला आहे. २५ नंबरचा प्रोग्राम त्यात भरला, तर तो मुकाट्याने चालतो आणि दिवा काही लागत नाही.

याहून मजेशीर म्हणजे "ब्लू पिल" या स्वस्त बोर्डावरचा दिवा. तो पीसी-१३ या पायावर आहे आणि उलटा जोडलेला आहे. पायाला "चालू" म्हटलं की विझतो, "बंद" म्हटलं की लागतो. दिव्याचं एक टोक आधीच विजेला जोडलेलं असतं, त्यामुळे पाय शून्यावर आला की मगच त्यातून वीज वाहते. ही चूक नाही, जोडायची एक सरळ पद्धत आहे.

कुपवाडच्या बोर्डावर ब्लू पिलच्याच घराण्यातली चिप होती आणि त्यावरचा लाल दिवाही असाच उलटा होता. आता विचार करा. हे माहीत नसताना आपण "पाणी ४५ झालं की लाल दिवा चालू" असं लिहिलं, तर काय होईल? नदी पात्रात शांत असताना लाल दिवा जळत राहील आणि पाणी धोक्याला पोचलं की नेमका विझेल. प्रदर्शनातल्या पिंपात हे हसण्यावारी जाईल. नदीकाठच्या खऱ्या यंत्रात नाही जाणार.

फॉन्टची आठवण

यावर उपाय काय? एक तर प्रत्येक नव्या बोर्डासाठी प्रोग्राम पहिल्यापासून लिहायचा. नाहीतर प्रोग्राम वेगळा ठेवायचा आणि बोर्डाची माहिती वेगळी ठेवायची. दुसरं काम छोट्या यंत्रांसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम करते. अशा बऱ्याच आहेत. आम्ही वापरली ती "झेफर". २०१६ पासून ती लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे, फुकट आहे आणि तिचा सगळा मजकूर कुणालाही वाचता येतो. तिच्या यादीत शेकडो बोर्डं आहेत. आर्डुइनोमध्येही असं काम कुणीतरी आधी करून ठेवलेलं असतंच, आपल्याला ते दिसत नाही इतकंच.

आपल्या पिढीच्या शिक्षकांना हे चटकन कळावं म्हणून फॉन्टची आठवण देते. पूर्वी एका संगणकावर मराठीत टाइप केलेली प्रश्नपत्रिका केंद्रशाळेत नेऊन उघडली, की पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. मजकूर बरोबर, टाइप करणाऱ्या बाई बरोबर, पण अक्षरं त्या एका फॉन्टला बांधलेली. युनिकोड रुळल्यावर "क" म्हणजे "क" हे सगळीकडे एकच झालं. तो कसा दिसावा हे ज्या त्या संगणकाने आपापलं बघावं. झेफरमध्येही तसंच. प्रोग्राम म्हणतो, "पहिला दिवा लाव." पहिला दिवा कुठे आहे, सुलटा की उलटा, हे बोर्डाच्या ओळखपत्रात लिहिलेलं असतं. त्या ओळखपत्राला "डिव्हाइस ट्री" म्हणतात.

आमच्या बोर्डाचं ओळखपत्र नव्हतं. ते लिहायचं होतं.

भाऊबीजेची ओवाळणी

दिवाळीला कऱ्हाडला गेले तेव्हा बोर्ड पिशवीतून घेऊन गेले. माझा मावसभाऊ पुण्यात याच क्षेत्रात नोकरी करतो. भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर त्याने खिशात हात घातला, तेव्हा मी म्हटलं, "पाकीट राहू दे. ओवाळणी म्हणून हे चालवून दे."

तो हसला. "ताई, चालवून देतो, पण तू शेजारी बसायचं. कागद तू वाचायचा."

दोन दुपारी आम्ही बसलो. त्याने सगळ्यात आधी विचारलं ते चिपचं नाव. चिपवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली. ती चिप झेफरला आधीपासून माहीत होती. "मग निम्म्याहून जास्त काम झालेलं आहे," तो म्हणाला. चिपच नवी असती, तर महिने लागले असते. तिच्या आतल्या प्रत्येक भागासाठी, म्हणजे घड्याळ, पाय, संदेश पाठवायची वाट यांसाठी, वेगळं लिखाण लागलं असतं. आपल्याला फक्त बोर्डाबद्दल लिहायचं होतं.

मग त्याने एक नवा फोल्डर केला. त्यात चार-पाच छोट्या फाइली. एकीत बोर्डाचं नाव आणि चिप. एकीत डिव्हाइस ट्री. एकीत सुरुवातीला काय काय चालू ठेवायचं त्याची यादी. एक माणसांनी वाचायचं पान, ज्यात बोर्ड काय आहे, कसं जोडायचं, काय चालतं ते साध्या भाषेत. कोऱ्या कागदापासून कुणी सुरुवात करत नाही. त्याने जवळच्या नात्यातल्या बोर्डाच्या, म्हणजे ब्लू पिलच्या, फाइली नमुना म्हणून घेतल्या. "नमुना घ्यायला हरकत नाही," तो म्हणाला, "पण त्यातली प्रत्येक ओळ या बोर्डावर जाऊन विचारायची, तू इथे खरी आहेस का?"

पहिली परीक्षा ठरलेली असते. बोर्डाने तारेवरून "हॅलो वर्ल्ड" एवढे दोन शब्द पाठवायचे. दिवे, सेन्सर सगळं नंतर. बोलता येऊ लागलं, की बाकी चुका तो स्वतःच सांगतो. प्रोग्राम भरला, तार जोडली, आणि लॅपटॉपच्या पडद्यावर आली ती पुन्हा चिन्हांची खिचडी. जुन्या फॉन्टसारखीच.

"बोलतोय, पण घाईत बोलतोय," भाऊ म्हणाला. "क्रिस्टल बघ."

क्रिस्टल म्हणजे बोर्डावरची चांदीसारखी चकचकीत छोटी डबी. तिचे ठोके मोजून चिप आपलं घड्याळ चालवते. भिंग लावून मी वाचलं, १२.०००. नमुन्याच्या फाइलीत होतं ८. ब्लू पिलवर ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि चिप त्याला ९ ने गुणून ७२ वर पळते. आमच्या बोर्डावर १२ चा होता. त्यालाही ९ ने गुणलं, तर १०८ होतात. म्हणजे चिप दीडपट वेगाने पळत होती, तिच्या मर्यादेच्या बाहेर, आणि आपण ७२ वरच आहोत असं तिला वाटत होतं.

"मग किती ने गुणायचं?" त्याने मला विचारलं.

आठ नव्वे बहात्तर. बारा सक बहात्तर. मी पाढा म्हटला, त्याने ८ च्या जागी १२ आणि ९ च्या जागी ६ लिहिले. पडद्यावर स्वच्छ अक्षरात शब्द आले. आईला आतून वाटलं, आम्हाला लॉटरी लागली.

त्या रात्री मी वहीत एक हिशेब मांडून बघितला, आणि मला घाम फुटला. समजा, आम्ही शब्द पाठवायची परीक्षा घेतलीच नसती, थेट सेन्सर जोडला असता. घड्याळ दीडपट पळतंय, म्हणजे आवाज जाऊन यायचा वेळ दीडपट मोजला जाणार. पाणी ४५ ला आहे, म्हणजे सेन्सरपासून खरं अंतर २० सेंटीमीटर. यंत्राला ते दिसणार ३०. ६५ वजा ३०, म्हणजे ३५. धोक्याच्या पातळीला यंत्र "३५" सांगणार. लाल सोडा, पिवळा दिवासुद्धा लागणार नाही. आणि प्रोग्राम तपासला तर त्यात एकही चूक सापडणार नाही. चूक फक्त एका आकड्याची, तीही दुसऱ्याच्या ओळखपत्रातून जशीच्या तशी उचललेल्या आकड्याची.

सुटीनंतर हा हिशेब मी सातवीला फळ्यावर दिला. गुणाकार, वजाबाकी, प्रमाण, सगळं त्यात आलं. गणित कशाला शिकायचं, असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

न तपासलेलं लिहायचं नाही

दुसऱ्या दुपारी दिवे. डिव्हाइस ट्रीमध्ये लाल दिव्यापुढे भावाने दोन शब्द लिहिले, "ॲक्टिव्ह लो". म्हणजे हा उलटा आहे. त्यानंतर प्रोग्रामने "लाव" म्हटलं की दिवा लागणार, "विझव" म्हटलं की विझणार. उलटसुलट बघायचं काम मधल्या व्यवस्थेचं. प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरांना ते आता कधी आठवावंही लागणार नाही.

मग सेन्सर. तो ५ व्होल्टवर चालतो आणि परतीचा निरोपही ५ व्होल्टने देतो. चिप मात्र ३.३ व्होल्टची. तिचे काही पाय ५ व्होल्ट सोसतात, काही सोसत नाहीत. कुठले सोसतात हे चिपच्या माहितीपत्रकात बघून, सोसणारा पाय निवडला. ही गोष्ट त्याने माणसांनी वाचायच्या पानावर ठळक लिहिली.

बोर्डावर आणखी एक खोबण होती, मेमरी कार्डासाठी. मी म्हटलं, "ती पण लिही ना." तो म्हणाला, "कार्ड आहे का तुझ्याकडे? नाही ना? मग तपासता येणार नाही. न तपासलेलं 'चालतं' म्हणून लिहायचं नाही. कुणीतरी त्यावर विसंबून राहतं."

असं ओळखपत्र झेफरच्या मूळ संग्रहात द्यायचं असेल, तर आणखी एक पायरी असते. लिहिणाऱ्याने स्वतःच्या नावाने सही करायची, की हे मी लिहिलंय आणि द्यायचा मला हक्क आहे. मग जगात कुठेतरी बसलेली जाणकार माणसं ओळ न ओळ वाचतात, शंका काढतात, सुधारायला लावतात. हे सगळं झाल्यावरच ते बोर्ड यादीत येतं. आमचं बोर्ड एकुलतं एक होतं, म्हणून आम्ही फाइली कुपवाडच्या त्या गृहस्थांना दिल्या. "पुढची खेप काढली की कामाला येतील," ते म्हणाले.

भावाने जाता जाता सांगितलेली एक गोष्ट डोक्यात राहिली. आपल्या देशात आता स्वतःच्या चिपा होतायत. १९८८ साली पुण्यात सुरू झालेली आणि १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक देणारी सी-डॅक ही संस्था आपल्याला माहीत आहे. तिच्याच तिरुवनंतपुरमच्या केंद्राने "वेगा" नावाचे प्रोसेसर तयार केले आहेत, आणि त्यांतल्या एकावर चालणारं शिकाऊंसाठीचं "एरीज" हे बोर्डही आहे. आयआयटी मद्रासचा "शक्ती" आहे. चिप तयार होणं हे अर्धं काम. तिची ओळख लिहून ठेवणारी, उदाहरणं तपासणारी, शंकांना उत्तरं देणारी माणसं मिळाली, तरच ती एखाद्या पोराच्या हातात चालते. नाहीतर चांगली चिप कपाटात राहते आणि लोक म्हणतात, "ते आपलं काही चालत नाही बघा."

नोव्हेंबरातली नवी मुलगी

आता शाळेकडे येते. दिवाळी संपली की आमच्या भागात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात, आणि टोळीबरोबर मुलं येतात. या वर्षी सहावीत एक मुलगी आली, धाकट्या भावाचा हात धरून. भाऊ पहिलीत. आईवडील पहाटे अंधारात फडात जातात, त्यामुळे भावाला आवरून आणायचं काम तिचं.

तिने सोबत शिक्षण हमी कार्ड आणलं होतं. स्थलांतरित मुलांचं शिक्षण तुटू नये, म्हणून एका शाळेतून दुसऱ्या शाळेत नेण्यासाठी हे कार्ड असतं. त्यावर नाव, इयत्ता आणि वाचनाच्या रकान्यात एक शेरा होता. त्या शेऱ्याप्रमाणे तिला वाचता येत नव्हतं.

भावाचं वाक्य माझ्या कानात ताजं होतं. प्रत्येक ओळ या बोर्डावर जाऊन विचारायची, तू इथे खरी आहेस का?

म्हणून पहिला आठवडा मी तिला काही शिकवलं नाही. एक पान घेतलं आणि बघून, बसून, विचारून लिहीत गेले. घरी गोरमाटी बोलते. मराठी पूर्ण समजते. उत्तर आधी गोरमाटीत जुळवते, म्हणून वेळ लागतो. तेवढा वेळ थांबलं तर उत्तर बरोबर येतं. उभं करून मोठ्याने वाचायला सांगितलं की गप्प होते. शेजारी बसून हळू आवाजात विचारलं, तर परिच्छेद वाचते, जोडाक्षरांवर अडते. मोळ्यांचा हिशेब तोंडी करते, वर्गात कुणापेक्षाही लवकर. तो कागदावर मांडायची सवय नाही. दुपारनंतर पेंगते, कारण पहाटे चारला उठते. दूरचं फळ्यावरचं दिसतं.

या पानात नवल काही नाही. तुमच्यापैकी अनेकजण असं पान मनातल्या मनात रोज लिहीत असाल. पण मनातलं पान मुलाबरोबर पुढच्या शाळेत जात नाही.

पुढे अभ्यासक्रम मी बदलला नाही. सहावीचाच धडा, सहावीचंच गणित. फक्त तिला वाचायला लावताना उभं केलं नाही, आणि उत्तरासाठी दहा आकडे मोजेपर्यंत थांबले. मोळ्यांच्या हिशेबापासून कागदावरच्या मांडणीकडे नेलं. महिन्याभरात ती प्रदर्शनाच्या गटात आली. पिंपात तांब्या-तांब्याने पाणी ओतून, मोजपट्टीने मापून, यंत्राचा आकडा आणि खरा आकडा शेजारी-शेजारी लिहायचं काम तिने मागून घेतलं. तीन ठिकाणी एका सेंटीमीटरचा फरक होता. तो तिने लपवला नाही, तक्त्यात तसाच लिहिला. परीक्षकांनी विचारलं, "हा फरक का?" ती थोडा वेळ गप्प राहिली. गटातला मुलगा मध्ये बोलायला निघाला, त्याला मी डोळ्यानेच थांबवलं. मग ती म्हणाली, "पाणी हालत हुतं."

उत्तर बरोबर होतं.

वर्गासाठी चार गोष्टी

नवं मूल वर्गात आलं, शिक्षक बदलून नव्या शाळेत गेला, किंवा पालकांना मुलाची शाळा बदलावी लागली, तर मला उपयोगी वाटलेल्या गोष्टी अशा.

१. आधी बोलतं करा, मग परीक्षा घ्या. बोर्डालाही आधी दोन शब्द बोलायला लावतात. मूल कुठल्या भाषेत, कुठे बसून, कुणाशी बोलतं ते शोधायला दोन-चार दिवस गेले तरी ते वाया जात नाहीत.

२. आधीचा शेरा नमुना म्हणून वाचा, निकाल म्हणून नव्हे. त्यातली एकेक ओळ मुलाजवळ बसून तपासा.

३. "येत नाही" असं लिहिण्याआधी "कसं विचारल्यावर येत नाही" ते लिहा. काही दिवे उलटे जोडलेले असतात. आवाज चढवला की ते विझतात.

४. जे तपासलं नाही, ते मोकळं सोडा. रिकामा रकाना पुढच्या शिक्षकाला शोधायला लावतो. खोटा भरलेला रकाना त्याला थांबवतो.

पालकांनाही एक विनंती. शाळा बदलताना दाखल्याबरोबर अर्धं पान स्वतःच्या हाताने लिहून द्या. आमचं मूल कशाला घाबरतं, कशात रमतं, कसं विचारलं की सांगतं. तुमच्याइतकं ते कुणालाच माहीत नसतं. लिहिता येत नसेल, तर शिक्षकांना तोंडी सांगा, ते लिहून घेतील.

मार्चमध्ये कारखान्याचा पट्टा पडला. टोळीची ट्रॅक्टर-ट्रॉली निघायच्या आदल्या दिवशी मी कार्डावर नवा शेरा लिहिला, तारीख घातली, खाली सही केली, आणि ते पान घडी घालून कार्डाला टाचलं. जोडाक्षरांपुढे "सुधारणा आहे, अजून सराव हवा" असं लिहिलंय, कारण तेवढंच मी तपासलेलं आहे. इंग्रजी वाचनाचा रकाना मोकळा आहे.

तिच्या गावाकडच्या शाळेतल्या बाईंना किंवा सरांना मी ओळखत नाही. तिने कार्ड पुढे केलं की त्यांनी टाचलेलं पान उघडून बघावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. आणि तुमच्या वर्गात असं एखादं मूल कार्ड घेऊन उभं राहिलं, तर तुम्हीही ते उघडून बघाल ना?